मुंगसाचं अनेकवचन

(बोर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी फोनवर म्हटलं, "इंग्रजीच्या गमतीजमती लिहून टाका." त्यांना बरं वाटलं. संध्याकाळची वेळ, माणसं वाडीतून, दुकानातून दमून आलेली, जरा हसतील. हसायला माझी ना नाही. पण मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर एक गोष्ट छळायला लागली. आपण मराठी माणसं इंग्रजीवरून इतकं हसतो, ते नेमकं कशाला हसतो? भाषेला हसतो, की ती बोलताना अडखळणाऱ्या माणसाला? आज त्या हसण्याबद्दल बोलणार आहे. मधे मधे हसायची मुभा आहे.

सुरुवात शेजारच्या किनाऱ्यापासून करू. माझा एक भाचा अमेरिकेत वाढला. सुट्टीत आला होता, त्याला झाईला घेऊन गेलो. बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून, जोडी जोडीने दोरीवर. त्याने विचारलं, "मामा, याला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "बॉम्बे डक." तो बोंबलाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "पण यात डक कुठंय?"

आता बदक नाहीच, तर दाखवू कुठून? मग मी त्याला तीच गोष्ट सांगितली जी वर्गात वीस वर्षं सांगत होतो. तुम्हालाही ठाऊक असेल. मुंबईहून डाकगाडी सुटायची, तिच्यात सुक्या बोंबलाचे गठ्ठे, डब्याला वास, म्हणून गोरे लोक म्हणायचे 'बॉम्बे डाक', त्याचं झालं 'बॉम्बे डक'. छान गोष्ट आहे. मुलं हसतात, तास संपतो.

गोष्ट खोटी आहे. मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि 'बॉम्बे डक' हे नाव इंग्रजी छापील मजकुरात त्याच्या आधीपासून आहे. गाडीच नव्हती तर डाकगाडी कुठली! बदक कुठून आलं यावर कोशकारांचं एकमत नाही. पण जुन्या इंग्रजीत या माशाला आणखी एक नाव होतं, 'बमेलो'. ते मात्र सरळ आपल्या बोंबलावरून. आपल्याकडच्या पारशांचा 'बुमला' आठवा, की मधली पायरी दिसते.

मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. साहेबाला 'बोंबील' म्हणता आलं नाही. तो 'बमेलो' म्हणाला, नंतर माशाचं बदक केलं. आणि आपण काय केलं? त्याच्या चुकीला शोभेल अशी एक डाकगाडी तयार केली. त्याला हसलो नाही. त्याच्या बाजूने कारण शोधलं.

दुसरं उदाहरण मुंगसाचं, ज्याचं नाव मी या व्याख्यानाला दिलंय. इंग्रजीत 'मंगूस'. 'गूस' म्हणजे हंसाच्या जातीतला पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस'. मग 'मंगूस'चं? 'मंगीस'? एक जुना विनोद आहे. एका गृहस्थांना दोन मुंगसं हवी होती. पत्र लिहायला बसले. 'दोन मंगूसेस पाठवा' लिहिलं, खोडलं. 'दोन मंगीस पाठवा' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, "कृपया एक मंगूस पाठवा. आणि हो, त्याच्याबरोबर अजून एक पाठवा." (हशा)

हा विनोद इंग्रज स्वतःच्या भाषेवर करतो, आणि चांगला करतो. पण तो पूर्ण कळायला मराठी यावं लागतं, कारण त्या शब्दात 'गूस' नाहीच मुळी. तो आपला मुंगूस आहे, मराठीतून तिकडे गेलेला. साहेबाच्या कानाला शेवटी 'गूस' ऐकू आलं. त्याला तो पक्षी माहीत होता, म्हणून त्याने सापाशी झुंजणाऱ्या जनावरात पक्षी घुसवला. उद्या आपल्यातल्या कुणी 'पेंग्विन'मधे 'पेंग' ऐकून तो सारखा डुलक्या घेणारा पक्षी आहे असं ठरवलं, तर काय म्हणाल त्याला?

साहेबाच्या या सवयीला शास्त्रात नाव आहे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी १८८६ साली एक जाडजूड कोश काढला. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे देशी शब्द शिरले, त्यांचा कोश. नाव ठेवलं 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कुणा दोन साहेबांचं नाव नाही. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा शोक चालायचा, तो गोऱ्या शिपायांच्या कानाला 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकू आला. दुसऱ्याच्या भाषेतला शब्द आपल्या भाषेच्या साच्यात बसवून घेणं, याला भाषाशास्त्रज्ञ आजही 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' म्हणतात. शोकाची आरोळी नीट ऐकू आली नाही, तर त्याचा नियम झाला! कोश मात्र वाचण्यासारखा आहे हं. यूलला स्वतःच्या लोकांची गंमत कळत होती. मुंगूस आणि बोंबील, दोघांनाही त्याने त्यात जागा दिली आहे.

त्याच्या उलट्या स्वभावाचा माणूस म्हणजे मोल्सवर्थ. मराठी-इंग्रजी कोश, १८३१. तो लष्करातला. पण पंडितांना हाताशी धरून त्याने आपला शब्द आपण म्हणतो तसा लिहून घेतला, कुठला शब्द कोकणातला, कुठला देशावरचा, हेही नोंदवलं. म्हणजे साहेबाला ऐकू येत नव्हतं असं नाही. ऐकायचं ठरवलं की येत होतं.

नाशिकजवळच्या देवळालीचं बघा. तिथे इंग्रजांची मोठी छावणी. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे. बोटी ठराविक हंगामात, म्हणून महिनोनमहिने काम नाही. ऊन, दारू, कंटाळा, त्यात हिवताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागायची. मग सैनिकांच्या बोलीत शब्द आला, 'डुलॅली टॅप'. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, डुलॅली उरलं. आज लंडनमधे कुणी जरा चळल्यासारखं वागला की त्याला डुलॅली म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला पत्ता नसतो की हे एक गाव आहे, तिथे माणसं शाळेत जातात, भाजी घेतात. १९७४ पासून काही वर्षं बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली, तिची छावणी देवळालीतलीच दाखवली होती. एका गावाचं नाव वेडेपणाला कायमचं चिकटलं, आणि देवळालीकरांना कुणी विचारलंही नाही.

गावांची नावं काढली तर रात्र सरेल. वसईचं बसीन, खडकीचं किर्की, शिवेचं सायन. सायन तर आपणच म्हणतो आता, रिक्षावाल्याला शीव सांगितलं तर तो मागे वळून बघतो.

आता उलटा प्रवास. आपण इंग्रजी शब्दांचं काय केलं? 'बॉटल'ची बाटली केली, 'प्लटून'ची पलटण, 'कॅप्टन'चा कप्तान, 'मास्टर'चा मास्तर. पोर्तुगीज तर त्याच्याही आधीपासून या किनाऱ्यावर होते, त्यांच्याकडून पगार घेतला, चावी घेतली, बटाटा घेतला, आणि आफोन्सोचा हापूस केला. हे सगळं तंतोतंत तेच आहे जे साहेबाने मुंगसाचं केलं. ऐकू आलं तसं घेतलं, आपल्या जिभेला वळण पडलं तसं वळवलं. यात लाजण्यासारखं काही नाही, भाषा अशाच जगतात.

आपल्या वाडीतला चिकूच घ्या. मूळ झाड मेक्सिकोकडचं, तिकडे त्याला म्हणतात चिकोझापोते. आपण पुढचा अर्धा घेतला, चिकू. शेतकी खात्याच्या इंग्रजीने मागचा अर्धा घेतला, सपोटा. एकाच फळाचे दोन तुकडे करून दोघांनी वाटून खाल्ले. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निदान कागदावर आपला अर्धा वर राहिला.

आणि पाण्याचा 'टँक'? कोशकार त्याचा संबंध गुजराती-मराठी टाकं-टांकीशी लावतात, पोर्तुगीज शब्दाचीही त्यात भेसळ झाली असावी म्हणतात. आपलं टाकं विलायतेला गेलं आणि उन्हाळ्यात टँकर होऊन पाड्यावर परत येतं. कधी येतं, कधी येत नाही.

तर प्रश्न असा. 'बाटली' म्हटलं तर कुणी हसत नाही. 'मास्तर' म्हटलं तर हसत नाही. पण 'ठेसन' म्हटलं की हसू येतं. का? तिन्ही शब्द एकाच टाकसाळीतले. बाटली म्हणणारे लोक वर्तमानपत्रं काढायला लागले, पुस्तकं छापायला लागले, त्यांची बाटली कोशात गेली. ठेसन म्हणणारा फलाटावर बोचकं घेऊन बसला होता, त्याच्याकडे छापखाना नव्हता. चूक कुणाची आहे यावर ती चूक राहणार की शब्द होणार, हे ठरतं. हे मला पन्नाशीनंतर कळलं. खरं तर इंग्रजी शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी कळायला हवं.

आता आपल्या विनोदाकडे येतो, कारण माझं भांडण तिथे आहे.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं गेलं, तो उद्गार विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जातो. दूध वाघिणीचं असलं की ते कुणाला पचलं आणि कुणाला बाधलं, याच्या गोष्टी निघणारच. आपल्या रंगभूमीवर, गॅदरिंगच्या फार्सात, आताच्या मालिकांत, इंग्रजी चुकीचं बोलणारं एक पात्र ठरलेलं असतं. घरगडी, गावाकडचे मामा, नवीन पैसा आलेली बाई. त्याच्या तोंडी एक मोडकं वाक्य घातलं की हशा हमखास. लेखकाला दुसरं काही करावं लागत नाही.

यावर माझा पहिला आक्षेप नीतीचा नाहीच, कारागिरीचा आहे. हा आळशी विनोद आहे. मुंगसाच्या पत्राचा विनोद ऐकून तुम्हाला इंग्रजी अनेकवचनाबद्दल काहीतरी कळतं, भाषेचा एक खिळखिळा सांधा दिसतो. गड्याच्या मोडक्या वाक्यातून इंग्रजीबद्दल काय कळतं? काहीच नाही. एवढंच कळतं की मला येतं आणि त्याला येत नाही. आणि खरं सांगू का, बऱ्याचदा हसणाऱ्यालाही धड येत नसतं. तो हसून घेतो, म्हणजे आपण हसणाऱ्यांच्या रांगेत आहोत हे शेजाऱ्याला कळतं. पुलंनी 'अपूर्वाई'त साहेबाच्या देशाचा प्रवास लिहिला, तो अजून ताजा वाटतो, कारण तिथे फजिती व्हायची पाळी आली की लेखक स्वतः पुढे होतो. दुसऱ्याला ढकलत नाही.

पण पुलंचंच एक नाटक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'ती फुलराणी', १९७५. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं. भाषाशास्त्राचा प्राध्यापक पैज लावतो की या फुलं विकणाऱ्या पोरीला मी शुद्ध बोलायला शिकवून बड्या लोकांत खपवून दाखवीन. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी. भक्तीबाईंचा प्रयोग मी पाहिला आहे.

शॉला राग होता तो इंग्रजी लिपीवर. म्हणायचा, या भाषेचं स्पेलिंगच असं आहे की ती कशी उच्चारायची हे कुणाला स्वतःहून शिकता येणार नाही. नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने हे लिहिलं, आणि मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. ती लिपी तयार झाली, १९६२ साली त्याचं एक नाटक तिच्यात छापलंही, आणि कुणी ती वापरली नाही. ते 'जी-एच-ओ-टी-आय' म्हणजे 'फिश', हे कोडं ऐकलं असेल तुम्ही. 'इनफ'मधला शेवटचा फ, 'विमेन'मधला पहिला इ, 'नेशन'मधला श. सगळे शॉच्या नावावर खपवतात. पण ते १८५५ च्या एका पत्रात आहे, आणि शॉ जन्मला १८५६ ला. मोठ्या माणसाच्या नावावर विनोद जमा करायची खोड एकट्या मराठी माणसाची नाही.

पुलंची अडचण अशी झाली असणार की देवनागरीला तसं हसता येत नाही. आपण साधारण लिहितो तसं बोलतो. साधारणच म्हणतो मी. 'तो जात आहे' यातला 'जात' आणि फॉर्मवर विचारतात ती 'जात', अक्षरं तीच, उच्चार दोन. चाकातला च वेगळा, चारातला वेगळा. पण तेवढ्यावर तीन तासांचं नाटक उभं राहत नाही. मग उरतं काय? उरतात माणसं. कोण 'ण' म्हणतं, कोण 'न' म्हणतं. शॉच्या नाटकात लिपी आणि वर्ग असे दोन आरोपी होते. मराठीत येताना लिपी सुटली, आणि आपला शुद्ध-अशुद्धाचा सगळा मामला एकटाच पिंजऱ्यात उभा राहिला. भाषांतरात काहीतरी हरवतं म्हणतात. इथे जे हरवलं त्याने नाटक जास्त टोकदार झालं.

पण ते तेवढंच सरळ नाही. नाटकाच्या सुरुवातीला प्रेक्षक मंजुळेला हसतात. मीही हसलो. ते हसू त्या आळशी विनोदाचंच हसू आहे, पुलंनी ते भरपूर वापरलं आहे, आणि मला आज ते खटकतं. मग ते प्रसिद्ध स्वगत येतं, प्राध्यापकाला धडा शिकवायच्या गोष्टी ती मनात रंगवते ते. तेव्हा ती अजून 'शुद्ध' झालेली नसते. तिच्या त्याच बोलीत ती त्याचे वाभाडे काढते, आणि तेच नाट्यगृह, जे पाच-दहा मिनिटांपूर्वी तिला हसत होतं, टाळ्यांनी दणाणतं. आता एक बघा. गेली कित्येक वर्षं एकपात्री स्पर्धांत मुली हेच स्वगत घेतात. सुधारलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या मंजुळेची भाषणं पाठ करून आलेली एकही मुलगी मी परीक्षक म्हणून बसलो असताना पाहिलेली नाही. प्राध्यापकाने जे घडवलं ते कुणाला आठवत नाही. त्याने जे पुसायला घेतलं होतं, ते लोकांनी पाठ केलं.

माझी तक्रार इतकीच की नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर आपण पुन्हा पहिल्या अंकातलेच प्रेक्षक होतो. हे मी दुसऱ्याबद्दल बोलत नाही, माझ्याबद्दल सांगतो.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. इथून फार लांब नसलेल्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवत होतो. वर्गात पाड्यावरून येणारी एक वारली मुलगी होती. तिच्या घरची भाषा वारली. शाळेची मराठी ही तिची दुसरी भाषा. बाजारात गुजराती, ती तिसरी. आणि इंग्रजी चौथी, ती मी शिकवणार. धडा वाचायची तिची पाळी आली. वाक्यात 'आयलंड' शब्द होता. तिने अक्षर अक्षर लावलं आणि मोठ्याने वाचलं, "इसलँड".

मी हसलो. मोठ्याने नाही, पण मास्तर हसला हे वर्गाला कळायला मोठ्याने हसावं लागत नाही. अख्खा वर्ग हसला. मी म्हटलं, "अगं, एस सायलेंट!" आणि फळ्यावर लिहिलं. ती बसली. त्या वर्षात तिने पुन्हा मोठ्याने वाचलं नाही. पाळी आली की उभी राहायची, पुस्तकाकडे बघायची, आणि मी पुढच्याला सांगायचो.

खूप वर्षांनी कशासाठी तरी शब्दकोश चाळताना 'आयलंड'ची कुळकथा वाचली. त्या शब्दात एस नव्हताच. जुने इंग्रज तो 'आय-एल-ए-एन-डी' असाच लिहायचे. पुढे विद्वानांना वाटलं की हा लॅटिन 'इन्सुला'शी नात्यातला शब्द दिसतो, तर त्या एसची आठवण स्पेलिंगमधे असावी. नातं नव्हतंच, शब्द आपला घरचा होता. पण एस घुसला तो घुसला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी असाच लॅटिनचा मान राखायला घातलेला. बाकीच्या पुष्कळ गोंधळाचं कारण साधं आहे. कॅक्स्टनने इंग्लंडमधे छापखाना आणला १४७६ ला, स्पेलिंग हळूहळू गोठायला लागलं, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांचे स्वर बदलत होते. कागदावर आजोबांचा उच्चार राहिला, तोंडात नातवाचा आला. 'नाइट'मधला के कधीकाळी खरोखर उच्चारायचे. ते समजू शकतो. पण 'आयलंड'मधला एस कधीच कुणाच्या तोंडात नव्हता. तो पंडितांची चूक आहे, निव्वळ चूक.

म्हणजे वर्गात त्या दिवशी चुकलेले दोन होते. एक तो कुणी जुना पंडित, ज्याने एस घातला. दुसरा मी. मुलीने समोर होतं ते वाचलं होतं.

ती आज इथे नाही. असती तर हे सगळं बोलायचं धैर्य मला झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

हे बोर्डीत सांगतोय, कारण या गावाला ही गोष्ट माझ्या आधी कळली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांना अडाणी म्हटलं नाही. बालवाडीच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. शाळेत येणाऱ्या मुलाने आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवावी, अशी अटच तिथे नव्हती. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. चांगलं झालं की वाईट, याचा वाद मी इथे काढत नाही. पण ते पाड्यावरच्या पोराच्या अंगणात गेलं की त्याला तिकडून इकडे बोलावलं, हा प्रश्न अजून उभा आहे.

या शब्दाची पुढची गंमत सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, 'फुलराणी' आली तेच वर्ष. योजनेच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. आज दिल्लीतला कुठलाही इंग्रजी अहवाल उघडा, त्यात हा शब्द भाषांतर न करता घेतलेला असतो. परदेशातले तज्ज्ञही इंग्रजी बोलता बोलता अंगणवाडी म्हणतात. मुंगूस आणि बोंबील आपल्याकडून इंग्रजीने उचलून नेले, हा मात्र तिला मागून घ्यावा लागला. फक्त रोमन लिपीत 'ण' नसल्यामुळे त्याचं 'अंगनवाडी' होतं. हिंदीत तर लिहितातच 'न' घालून. लोकसभेत मंत्री 'आंगनवाडी' म्हणतात तेव्हा 'न'चा 'ण' करा असं सांगायला कुठलाही प्राध्यापक पैज लावून उभा राहत नाही. (हशा, टाळ्या)

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. एकच राहिलं, मुंगसाचं अनेकवचन. इंग्रजी कोशात 'मंगूसेस' आहे. अमेरिकन वेबस्टरने मागाहून 'मंगीस'लाही जागा दिली आहे, इतके लोक चुकले म्हणताना. भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण दोन मुंगसं एकदम कधी दिसतात का?" मी म्हटलं, दिसतात. परवाच संध्याकाळी चिकूच्या वाडीत दिसली, एकामागे एक, कुंपणातून पलीकडे गेली.

काही प्रश्न असतील तर विचारा.